किटली स्टुलावरच होती

माझ्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही. निरीक्षण, तर्क आणि संयम यांचा असा संगम शतकातून एकदाच एखाद्या माणसात होतो. या शतकात तो आमच्या घरी, आरामखुर्चीत झाला आहे. गुन्हेगार निसटला नाही, कारण एकही गुन्हेगार अजून आपल्याकडे फिरकलेला नाही, असं आमच्या मंडळीचं म्हणणं. पण ती माझी मदतनीसही असल्यामुळे मी तिच्या बोलण्याकडे कानाडोळा करतो.

निवृत्तीपूर्वी मी एका कारखान्यात तेहतीस वर्षं भांडारपाल होतो. एवढी तयारी गुप्तहेराला पुरते.

प्रस्तुत प्रकरण सुरू झालं ते एका लाल फुलीपासून. आमची ही एका रुग्णालयात चादरींना इस्त्री करते. बावीस वर्षं, उभ्यानं. गुडघ्यांनी आता उघड बंड पुकारलंय. अशात तिथल्या चौकशीच्या खिडकीतली जागा रिकामी झाली. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. अट एकच: औषधांचं दुकान जिन्याखाली आहे, जिन्यावर नाही, आणि एक्स-रे लिफ्टच्या शेजारी आहे, लिफ्टमध्ये नाही, हे परक्या मुलखातल्या माणसाला इंग्रजीतून सांगता आलं पाहिजे. तोंडी परीक्षा सोमवारी.

शिकवायला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणते. बाईंची पद्धत सरळ. हिनं सकाळी कामावर जाण्याआधी खोलीत कोणती वस्तू कुठे आहे ते बघून दहा वाक्यं लिहायची. संध्याकाळी ही चहा टाकणार, तेवढ्यात बाई वही घेऊन खोलीभर फिरणार आणि प्रत्येक वाक्य वस्तूशी ताडून पाहणार. बरोबर असेल तर बरोबरची खूण, नसेल तर लाल फुली. समजावून सांगणं पद्धतीत बसत नव्हतं. "विचार करा, सापडेल," म्हणायच्या आणि चहा पिऊन वर जायच्या.

पहिल्या दिवशी आठ फुल्या. दुसऱ्या दिवशी नऊ.

"द किटली इज ऑन द स्टूल," ही पुटपुटत होती. "ऑन नाही, तर मग काय? इन? अहो, किटली स्टुलाच्या आत कशी शिरेल?"

"इंग्रजांचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. हिनं वही मिटली. "उद्या सहापर्यंत फोन केला तर अर्ज मागे घेता येतो. घेते मागे. साहेबांसमोर शोभा नको. उभीच बरी मी."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मी भिंग काढलं.

वहीत एक विलक्षण गोष्ट दिसली. घड्याळ भिंतीवर आहे, या वाक्याला रोज बरोबरची खूण होती. फुलीतून सुटलेलं बहुधा तेवढंच.

"बाईंचा घड्याळावर जीव आहे," मी निष्कर्ष काढला.

"शिक्षकांचा असतोच. पुढे?"

"तुझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी ती बारकी. तिनंही अर्ज भरलाय ना? तिनं बाईंना फितवलं!"

"बारकी बाईंना ओळखतसुद्धा नाही."

"कटाचं हेच तर लक्षण!"

ही वैतागून किटलीकडे वळली आणि थबकली. "अहो, किटली फळीवर कशी? सकाळी मी स्टुलावर बघून लिहिलं होतं. आणि चपला? कॉटखाली होत्या!"

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. "म्हणजे घरात कोणी नसताना कुणीतरी येतं!"

"घरात कोणी नसताना? तुम्ही दिवसभर घरीच असता."

"माझ्या डोळ्यांदेखत! गुन्हेगार असामान्य आहे. फोन उद्या सहापर्यंत लांबव."

दुसऱ्या दिवशी ही वाक्यं लिहून गेली. मी पावडरचा अख्खा डबा फरशीवर शिंपडला आणि पहाऱ्याला बसलो. दुपारी जेवण झालं, मग थोडा वेळ डोळे मिटून पहारा दिला, मग नेहमीची फेरी मारली आणि पुन्हा खुर्चीत बसलो. साडेपाच वाजता ही आणि बाई दारात उभ्या राहिल्या. मी फरशीकडे बोट दाखवलं.

पावलं! स्टुलापासून फळीपर्यंत, कॉटपासून कपाटापर्यंत, खोलीभर पावलं!

मी भिंग लावून वाकलो. "पाय नऊ नंबरचा. टाचा घासत चालतो, म्हणजे आळशी. पावलं बाहेर फाकलेली, म्हणजे पोट सुटलेलं. वय साठीच्या पुढे. भर दुपारी हिंडतो, म्हणजे कामधंदा नाही. आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबलाय, म्हणजे डोकं ठिकाणावर नसावं."

हिनं तोंडावर हात धरला. भीतीनं, असं मी समजलो.

"पावलं संपतात कुठे?" बाईंनी विचारलं.

मी माग काढत गेलो. "माझ्या आरामखुर्चीपाशी! हरामखोर माझ्या खुर्चीत बसून गेला!"

"तळपाय दाखवा."

मी खुर्चीत बसून पाय वर केले. तळवे पांढरेशुभ्र होते.

"किटली फळीवर कुणी ठेवली?"

"मी. किटलीची जागा फळीवर आहे."

"चपला?"

"मीच. कॉटखाली चपला? भांडारात मी रोज दुपारी फेरी मारून प्रत्येक वस्तू जागच्या जागी..."

गुन्हेगाराचा कबुलीजबाब मी इतक्या सफाईनं काढून घेतला, की तो माझाच आहे हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

बाईंनी वही मागितली, चष्मा पुसला आणि जुन्या फुल्या एकेक करून खोडल्या. त्यांना पाच मिनिटं लागली.

"सगळी बरोबर होती," बाई म्हणाल्या. "फक्त किटलीला केटल म्हणतात."

"सगळी?" हिनं विचारलं.

"सगळी."

सहाला दहा कमी होते. हिनं फोनकडे पाहिलं, उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग पेन्सिलीला टोक करायला बसली.

मी घसा खाकरला. "अशा रीतीनं एका अत्यंत गुंतागुंतीच्या प्रकरणाचा छडा मी अवघ्या चोवीस तासांत..."

"अहो."

"बोल. आभार नकोत."

"तुमच्यावर एक वाक्य लिहितेय. बाईंचं तपासून होईपर्यंत खुर्चीतून तेवढं हलू नका."