नानांचं धुळ्याचं क्वार्टर

पगारातून कर जास्त कापला म्हणून भांडायला येणारे मी पुष्कळ पाहिले. कमी कापला म्हणून भांडायला आलेला माणूस एकच. सोनवणे नाना.

मी जळगावात एका सरकारी महामंडळात पगाराचं टेबल सांभाळतो. नाना धुळ्याच्या सरकारी कार्यालयातून आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर आले आणि पहिल्याच पगाराला माझ्यासमोर उभे राहिले.

"भाऊ, माझ्या धुळ्याच्या क्वार्टरचा कर चुकला. वाढवा."

"नाना, घर सरकारचं, तुम्हीही सरकारचे. नाममात्र भाडं धरलंय."

"मी आता तुमचा. प्रतिनियुक्तीवर आलो की घराच्या बाबतीत कायदा महामंडळालाच माझा मालक धरतो. मग घराचा लाभ पगाराच्या टक्क्यांत मोजायचा."

नियम काढून पाहिला. शब्द न् शब्द बरोबर. घर तेच, गळका नळ तोच. माणूस दुसऱ्या टेबलावर बसला की कराला ते घर महाग. मी खजील होऊन कर वाढवला. नाना खूश. "आता बठ्ठं सरळ शे!" सगळं सरळ आहे, हे त्यांचं अहिराणी पालुपद.

सरळपणाचं त्यांना वेडच. कुणी उठलं की त्याची खुर्ची टेबलाखाली सरकवणार, वाटेतली पिशवी उचलून भिंतीला लावणार.

"नाना, मोजपट्टी आणू का?" आमची टायपिस्ट विचारायची.

"आण. पण वाटेत ठेवू नको."

हा माणूस रोज एसटीनं धुळ्याहून यायचा, संध्याकाळी परत जायचा. मला बघवेना. एका रविवारी बसून तक्ता केला: क्वार्टर सोडून जळगावात दोन खोल्या घेतल्या तर कर, पास आणि रोजचे पाच तास धरून फायदा किती. नानांनी तक्ता तपासला, माझी चार रुपयांची चूक दाखवली, घडी करून परत दिला.

"बाकी हिशोब बरोबर शे. पण क्वार्टर सुटणार नाही."

"का?"

"नाही जमणार."

क्वार्टर परस्पर भाड्यानं दिलं असेल, अशी ऑफिसात कुजबुज झाली. खोटं कशाला बोलू, मलाही शंका आली.

गेल्या महिन्यात लग्नाला धुळ्याला गेलो, तेव्हा नानांच्या दारावर टकटक केली. एका म्हातारीनं दार उघडलं. नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी.

"कोन शे?"

"जळगावच्या ऑफिसातला, आई."

"ये भाऊ, बठ. मी च्या मांडस."

ती ओठांत मोजत निघाली. सातव्या पावलाला ओटा. हात न चाचपडता थेट काडेपेटीवर. तिथून पाच पावलांवर माठ. आयुष्यभर आकडेमोड करतोय, पण असा अचूक हिशोब पाहिला नव्हता. स्टूल ओढून मी पाहतच बसलो.

नाना बाजार घेऊन आले. मला पाहून जरा थबकले, मग हळू आवाजात म्हणाले, "आईचे डोळे जाऊन नऊ वर्षं झाली. हे घर पाठ करायला तिला दोन वर्षं लागली. पडली, भाजली, पण केलं. दिवसभर एकटी वावरते, कुणाला हाक मारत नाही. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी नवं घर दिलं तर पुन्हा एकपासून मोजायचं, भाऊ."

चहा संपवून उठलो, स्टूल उचललं आणि होतं तिथे, फरशीच्या रेघेला लावून ठेवलं.

नानांनी वाकून पाहिलं.

"एक बोट उजवीकडे, भाऊ."