गजभिये काकांचा फॉरमॅट

आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या कॉलनीत कुणाचं काहीही बिघडो, गजभिये काकांचं औषध एकच. "फॉरमॅट मारा."

हे औषध त्यांनी कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शेजारी एखादा वैदू असला म्हणून माझं काही अडत नाही. पण काका माणसांनाही तेच देत. समोरच्या घरातल्या वैद्यांचं सख्ख्या भावाशी वाजलं, तर काका कुंपणावरून म्हणाले, "फोनमधून नंबर काढून टाका त्याचा. फॉरमॅट मारा. नवी जिंदगी." माझा गुडघा दुखायला लागला, तर म्हणाले, "नवीन टाकून घ्या मॅडम. जुन्याचं काय लोणचं घालता?" मी तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते.

काका पाटबंधारे खात्यातून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. घरातही इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गळ्यात दोरीला ओवलेला पेन ड्राइव्ह. कुणाकडे चहाला गेले की आधी नजर कॉम्प्युटरकडे. "स्लो चालून राह्यला ना?" त्या नजरेपुढे चांगलं धावणारं यंत्रही घरच्यांना मंद वाटू लागे. मग काका शर्टाच्या बाह्या सरसावत. काम झाल्यावर यंत्र खरंच पळायचं, फक्त त्याच्या पोटात काही उरलेलं नसायचं. एकाच्या लग्नाचे फोटो असेच गेले. तो रडकुंडीला आला, आणि काका म्हणाले, "बायको आहे ना घरी? मंग फोटो कायले पायजे?"

पोटच्या पोरीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पल्लवी, त्यांची एकुलती एक, परीक्षा देऊन सरकारी नोकरीला लागली तेव्हा काकांनी पवनारपर्यंत पेढे वाटले होते. ती नोकरी सोडून तिनं पुण्यात केकचं दुकान टाकलं. "साहेबीण होती, आता लोकायच्या बड्डेचे केक करून राह्यली. मी तो विषयच फॉरमॅट मारला," असं काकांनी जाहीर केलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. काकू मात्र रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिला फोन करत, तोही स्पीकरवर. काकूंना कमी ऐकू येत नाही. आणि नेमकं त्याच वेळी काकांना फ्रिजमधलं पाणी लागायचं, एकदा सोडून चारदा. हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, पण बोलायची हिंमत कुणाची?

यंदाच्या उन्हाळ्यात काकांचाच कॉम्प्युटर हटून बसला. त्यांनी नवी सिस्टीम टाकायला घेतली आणि काम अर्ध्यात असताना लाइन गेली. घरात इन्व्हर्टर होता. पण त्यावर काकांनी कूलर जोडला होता, कॉम्प्युटर नाही. "मशीनले थंड हवा पायजे" म्हणून कूलरचं तोंड त्यांनी कायमचं कॉम्प्युटरकडे वळवून ठेवलेलं. तर कूलर झकास हवा फेकत राहिला आणि त्या गार वाऱ्यात कॉम्प्युटर बंद पडला. लाइन आल्यावर पडद्यावर नुसते गोल फिरणारे ठिपके, मग काळोख, मग पुन्हा ठिपके.

वर्ध्यातल्या दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो." काकांनी कॉम्प्युटरचा डबा उचलला, स्कूटरवर पायांत धरला आणि भर उन्हात थेट माझ्या दारात आले.

"मॅडम, फॉरमॅट न मारता होईन का?"

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. असा मोका पुन्हा कधी येणार? म्हटलं, "काका, जुन्याचं काय लोणचं घालता?"

ते हसले नाहीत. "मस्करी नोका करू. त्यात पल्लवीचं खातं आहे."

तेव्हा मला कळलं. साऱ्या कॉलनीला फॉरमॅट मारणाऱ्या या माणसानं स्वतःच्या यंत्रातली एक फाइलही कधी पुसली नव्हती. याही खेपेला 'फाइली ठेवा' हाच पर्याय निवडला होता. चालू केलं की पडद्यावर दोन नावं यायची, त्यांचं आणि पल्लवीचं. ती त्यावरच अभ्यास करायची. तिचा पासवर्ड तिलाच ठाऊक.

मी एका पेन ड्राइव्हवर छोटी सिस्टीम तयार केली. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो आणि आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. मग डबा परत काकांकडे नेऊन सगळं जोडलं. आधी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घ्यायला लावला. काकांनी निमूट घेतला. पडदा उजळला. डिस्क शाबूत होती. काकांचा फोल्डर मी सोबत नेलेल्या डिस्कवर उतरवला आणि पल्लवीच्या फोल्डरवर बाण नेला.

"थांबा," काका म्हणाले. "तिले इचारल्याशिवाय नाई."

"उघडत नाही काका. नुसता उचलून ठेवते."

"तरी. खोली तिची आहे."

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू करून कीबोर्डशेजारी ठेवला आणि आत निघून गेल्या.

"हां आई, बोल."

"आई नाई. मी बोलून राह्यलो."

तिकडे कसलंसं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. "बाबा? तब्येत बरी आहे ना?"

"माई तब्येत बरी आहे. कॉम्प्युटरची बिघडली. तुया फाइली आहेत त्यात. काढून ठेवू का?"

"त्यात काई नाई बाबा. परीक्षेच्या जुन्या नोट्स आहेत. तुमीच म्हणता ना, फॉरमॅट मारा."

काका गळ्यातला पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत राहिले.

"म्हणतो मी," ते म्हणाले. "पण नाई मारत."

मी उगाच वायरी तपासत बसले.

"तुया दुकानात इन्व्हर्टर आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे ना."

"त्यावर काय जोडलं?"

"फ्रिज. नाईतर क्रीम उतरते."

"बरोबर केलं," काका म्हणाले. तिच्या दुकानाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द.

पल्लवीनं 'ठेवा काढून' म्हटलं, आणि फाइली उतरेपर्यंत बापलेकीचं बोलणं चालूच राहिलं. मग मी नवी सिस्टीम टाकली. काकांनी आधी आपलं नाव लिहिलं. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, पल्लवीचं. खाली पासवर्डची जागा आली तसा त्यांनी हात मागे घेतला.

"तो राहू द्या," म्हणाले. "तिचा ती टाकन. दिवाळीले येतो म्हणते."