विनायकची बिनआवाजाची पेटी

लाइट गेली, गल्लीतले सगळे यंत्रमाग एका दमात गप्प झाले, आणि विनायक ताटावरून तसाच उठून मागच्या खोलीकडे पळाला.

“अहो, जेवण तरी पुरं करा ना!” कुसुम ओरडली.

“जेवण ठेव झाकून. शांतता झाकून ठेवता येत नाही!”

बोलणं खरं होतं. बुऱ्हाणपुरात मागांच्या गल्लीत राहणारा माणूस लाइट आहे की नाही हे बघायला बल्बाकडे मान वळवत नाही. खटखट चालू आहे म्हणजे लाइट आहे, कान मोकळे झाले म्हणजे गेली. विनायकचा धंदा आवाजाचा. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवायच्या जाहिराती तो बोलायचा, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा आणि रिक्षावाल्यांना द्यायचा. मागांच्या खटखटीत रेकॉर्डिंग होणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यानं मोठा इन्व्हर्टर घेतला होता आणि सगळं गाव ज्या वीजकटौतीला शिव्या घालायचं तिची तो जावयासारखी वाट बघायचा.

पण माग थांबले की नवीच पीडा सुरू व्हायची. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला कॉम्प्युटरचा पंखा त्या शांततेत पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागायचा. केळीच्या खताची त्याची जाहिरात ऐकून निंबोल्याच्या एका शेतकऱ्यानं सरळ विचारलं होतं, “भाऊ, हे तुम्ही विमानातून बोलले का?” विनायकला ते फार लागलं होतं.

त्यातच एका समाजाच्या पंचायतीचा निरोप आला. समाजातले सगळे शोकसंदेश यापुढे रिक्षावरून द्यायचे आहेत, नमुना ऐकवा, पसंत पडला तर काम कायमचं तुमचं. आता शोकसंदेशामागे घरघर कशी चालेल? लोकांना वाटणार, गेलेला माणूस अजून पुरता गेलेला नाही. आणि हे काम मिळालं नाही तर मागची खोलीच जाणार होती. घरमालक मोतीलाल शेठ भिंतीपलीकडेच राहायचे आणि त्यांना त्या खोलीत नवे माग टाकायचे होते. “पोळ्यापर्यंत खोली खाली करा, विनायकभाऊ,” असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. कायमचं काम हाती असतं तर चढं भाडं देऊन त्यांना थोपवता आलं असतं. नाहीतर खोली गेली, खोलीबरोबर धंदा गेला, आणि पुन्हा मेहुण्याच्या जिनिंगमध्ये खाली मान घालून कापसाच्या गाठींवर नंबर टाकत बसायचं.

म्हणून त्यानं पंखाच काढून टाकायचं ठरवलं.

“आणि मग ते तापलं म्हणजे?” कुसुमनं विचारलं.

“तापलेली हवा वर जाते. वर धुराडं ठेवायचं, त्यातून ती बाहेर. मग खालून गार हवा आपोआप ओढली जाते. चुलीचं असतं तसं.”

“गार हवा? या उन्हाळ्यात? माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतंय मला.”

विनायक नुसता हसला. खोलीच्या मागे जुन्या काळची एक कोरडी कुंडी होती, अरुंद विहिरीसारखी. बुऱ्हाणपूरच्या पोटातून पाण्याचे जुने बोगदे गेलेत. तसाच एक आटलेला फाटा तिच्या तळातून जात होता. काठावर वाकलं की भर उन्हाळ्यात तोंडावर गार झुळूक यायची. त्या कुंडीत त्यानं बोअरचा जाड पाइप सोडला, त्याचं दुसरं टोक भिंतीतून आत घेतलं आणि शालिग्राम सुताराला, ते टोक तळाला बसेल अशी कॉम्प्युटरसाठी पेटी करायला सांगितली. शालिग्रामनं जाड सागवान वापरलं, आतून कापसाचे थर दिले, हार्ड डिस्क सायकलच्या ट्यूबवर टांगली, म्हणजे तिचा कंपसुद्धा लाकडाला लागू नये. सगळं अगदी सांगितल्याबरहुकूम. फक्त उभ्या जन्मात त्यानं देवघरांशिवाय दुसरं काही केलेलं नसल्यामुळे पेटी आली ती शिखरासकट.

“शालिग्राम, मी धुराडं सांगितलं होतं.”

“भोक आहे ना वरपर्यंत आरपार? मग! नुसतं भोक कसं ठेवू? हातच वळत नाही माझा.”

“लाकूड मात्र चांगलं मुरलेलं दिसतंय.”

“मुरणारच. एका बंद पडलेल्या दवाखान्याची दारं आहेत. कुठल्या खोलीची, ते नका विचारू.”

विनायकनं विचारलं नाही, पण न विचारल्यामुळे ते डोक्यातून जाईनासं झालं. पेटी मात्र अफाट निघाली. ती इतकी मुकी होती, की चालू आहे की बंद हे कळायला शिखरावर हात धरावा लागायचा. तिथून कोमट हवा संथपणे वर यायची, माणूस झोपेत सोडतो तशी. कुसुमनं एकदा हात धरून पाहिला आणि झटकन मागे घेतला. त्या दिवसापासून ती एकटी त्या खोलीत जाईना.

आता अडचण उरली ती विनायकच्या गळ्याची. वर्षानुवर्षं साड्यांचे सेल ओरडून त्याच्या आवाजाला अशी काही उमेद चढली होती, की शोकसंदेशसुद्धा ‘त्वरा करा’च्या थाटात निघायचा. रोज तालीम करणं भाग होतं. पण तालमीला नाव कुणाचं घ्यायचं? स्वतःचं घ्यायचं नाही अशी कुसुमनं शपथ घातली होती. नातेवाइकांचं घेववेना. शेवटी ज्याचं नाव घेताना जीव कळवळणार नाही असा एकच माणूस त्याला आठवला. रोज दुपारी लाइट गेली, की तो शिखराला तोंड लावून बसायचा, कारण तिथे आवाज गंभीर घुमायचा, आणि भरल्या गळ्यानं सुरू करायचा, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सर्वांचे लाडके मागमालक श्रीमान मोतीलालजी यांचे अल्पशा आजाराने निधन झाले आहे. अंत्ययात्रा राहत्या घरून तापीच्या घाटाकडे निघेल.” हळूहळू आवाजात खरं दुःख उतरू लागलं. विनायकला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग एका दुपारी, तालीम संपवून त्यानं कॉम्प्युटर बंद केला, आणि पेटी बोलली.

लाइट नव्हती. माग बंद, गल्ली बंद, आणि आता पेटीही बंद. तरी शिखरातून, फार खोलवरून, कुणीतरी कण्हल्यासारखं बोलत होतं. “नको नेऊ… नको रे नेऊ…” विनायकच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं पेटीची वायरच उपटून हातात घेतली. हातात वायर, आणि पेटी बोलतच होती. “माझं काय व्हईन… नको नेऊ…”

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुसुमनं दाराबाहेरूनच कान दिला, ऐकलं आणि ती तिथेच मटकन बसली.

“दवाखान्याची दारं!” ती म्हणाली. “कुठल्या खोलीची ते कळलं मला. जाळा ती पेटी आधी!”

“आणि पंचायतीचा नमुना?”

“तुम्हाला नमुन्याचं पडलंय?”

पडलं होतं. उद्या नमुना द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी थरथरत्या गळ्यानं त्यानं तो रेकॉर्ड केला, आणि भीतीमुळे तो इतका अस्सल उतरला की स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. तो ऐकत बसला असतानाच दार वाजलं. दारात मोतीलाल शेठ उभे होते.

विनायकनं त्यांना ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. एरवी खोलीच्या नावानं बोट नाचवणाऱ्या शेठनी हात जोडले.

“विनायकभाऊ, आपलं आता काही खरं नाही. मले बोलावणं आलं.”

“कुठून, शेठ?”

“खालून.” शेठचा आवाज चिरकला. “आमच्या आंगणात ती जुनी कुंडी नाही का? रोज दुपारी, माग बंद झाले की तिच्यातून आवाज येते. पूरं नाव घेते माझं. मोतीलालजी म्हणते! निधन झालं म्हणते! अल्पसा आजार म्हणते, तो पोटाचाच असन म्हणून मी खाणंच सोडलं. आमची घरवाली मनकर्णा कुंडीवर बसून रडत राहते, नको नेऊ म्हणून. पण तो खालचा आयकत नाही. घाटसुद्धा ठरवून ठेवला त्यानं.”

विनायकनं वळून शिखराकडे पाहिलं. त्याची कुंडी आणि शेठची कुंडी म्हणजे एकाच बोगद्याची दोन तोंडं. शिखर, पाइप, कुंडी, बोगदा. गार हवेसाठी केलेल्या वाटेनं त्याचा शोकसंदेश रोज शेठच्या अंगणात वर निघत होता, आणि मनकर्णाकाकूंचं रडं त्याच वाटेनं त्याच्या पेटीत परत येत होतं.

“जाताना कुनाचा तळतळाट नको,” शेठ म्हणाले. “ती खोली ठेवा तुम्ही. भाडंही नको. फक्त माझा संदेश तुम्हीच बोला. तुमच्या आवाजात चांगला वाटेल.”

शेठ भिंतीला धरत धरत निघून गेले. विनायकनं कुसुमला सगळं सांगितलं. आधी ती हसली, मग तिचंही तोंड उतरलं.

“मी जाऊन खरं सांगतो,” विनायक म्हणाला. “माणूस उपाशी मरतोय, कुसुम.”

“काय सांगणार? की तालमीसाठी रोज तुम्हाला मारत होतो? आजच्या आज सामान बाहेर टाकतील. ज्या तोंडानं मारलं त्याच तोंडानं जगवा ना.”

तोडगा नामी होता. दुसऱ्या दिवशी लाइट जाताच विनायकनं शिखराला तोंड लावलं आणि जमेल तितक्या धीरगंभीर सुरात सांगितलं, “आवश्यक सूचना. श्रीमान मोतीलालजी यांचा शोकसंदेश नजरचुकीने प्रसारित झाला होता. तो रद्द समजावा. त्यांना दीर्घ मुदतवाढ मंजूर झाली आहे. त्यांनी वेळेवर जेवावे.” आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पुढचं आपसूक निघून गेलं, “आवाज, विनायक साउंड सर्व्हिस.”

त्यानं जीभ चावली, पण बाण सुटला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला. मग मोतीलाल शेठ आले ते मावाजिलबीचा पुडा घेऊन, दाढी करून, दोन्ही हात पसरून.

“भेटली! मुदतवाढ भेटली मले! आताच दोन भाकरी खाऊन आलो!”

विनायकला खरोखर भरून आलं. सवयीनं निघालेलं ते शेवटचं वाक्य शेठच्या आनंदात बुडून गेलेलं दिसत होतं. एक जीव वाचला होता, खोलीही राहिली होती.

“मंग आता इतकं जगायचंच आहे म्हटल्यावर,” जिलबीचा तुकडा मोडत शेठ म्हणाले, “धंदा नको का वाढवाले? नवे माग सांगून आलो. तेवढी ती खोली खाली करा, विनायकभाऊ. पोळ्यापर्यंत नाही, या आठवड्यातच.”

विनायकनं हातातली जिलबी खाली ठेवली.

“पण शेठ, तुम्ही तर दिली होती—”

“तेव्हा मी मरू राह्यलो होतो ना!” शेठ मनापासून हसले. “मरणाऱ्याले खोली काय करायची?”

शेठ गेल्यावर कुसुमनं जिलबीचा पुडा बांधून ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “मारा पुन्हा.”

“काहीतरीच काय!”

“पुरतं नका मारू. खोली देईपर्यंत.”

विनायक रात्रभर कुशी बदलत राहिला. वाईट काम होतं, त्याला कळत होतं. पण नमुना पोचूनही पंचायतीचं उत्तर आलं नव्हतं, आणि डोळे मिटले की मेहुण्याचं जिनिंग दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, माग थांबले, आणि तो चोरासारखा पेटीपुढे जाऊन बसला. शिखराला तोंड लावलं. पहिला शब्द ओठांवर आला, तेवढ्यात गार हवेचा एक झोत खालून वर आला आणि त्याच्या गालाला लागला. पाठोपाठ आवाज आला. ना धड बाईचा, ना धड पुरुषाचा. संथ. जमिनीखालून चालत यावा तसा.

“कळविण्यास… अत्यंत दुःख होते की… सर्वांचे लाडके… विनायकजी… यांचे…”

पाइप त्यानं स्वतः टाकला होता. बोगदा त्याला ठाऊक होता. आवाज कुठून येतो आणि कसा येतो, हे सगळ्या गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो पेटीपासून मागे सरकला.

“…अल्पशा आजाराने…”

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. लाइट यायच्या आत त्यानं वायरी गुंडाळल्या, पेटी ओढत ओढत घरात आणली, पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला आणि खोलीला कुलूप घालून किल्ली द्यायला शेजारी गेला. जातानाच त्यानं ठरवलं, शेठच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं कबूल करून टाकायचं.

अंगणात मनकर्णाकाकू कुंडीच्या काठावर बसून तूर निवडत होत्या.

“काकू, शेठ आहेत?”

“ते सकाळीच इच्छापूरले गेले. देवीले नारळ द्याले.”

विनायकनं कुंडीकडे पाहिलं. “सकाळीच? मग आत्ता… इथे कुंडीपाशी कोण होतं?”

काकूंनी किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“मीच होते,” त्या म्हणाल्या. “काल मले तुमचं आलं तसं नाव नीट आयकू आलं ना, भाऊ? बाकीचं तर रोज आयकून आयकून पाठच झालं होतं मले.”