चूलबंद स्वागत

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-समारंभाला एक दिवस उरला होता आणि विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी लीलाधर एक पोस्टकार्ड हातात धरून बसला होता. ते त्याने तीनदा मनात वाचलं होतं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं.

"'आपले पत्र पोचले. आनंद झाला. आम्ही मोठी माणसे नऊ व लेकरे सहा रविवारी सकाळी येत आहोत. नवरदेवाचे नाव लिहायचे राहिले आहे. ते व मुलगी कोणत्या गावची, हे कळवावे.' पितांबर, हे काय आहे?"

पितांबर जमिनीवर बसून खळीने पताका चिकटवत होता. त्याने मान वर केली आणि समाधानाने म्हणाला, "येऊन राह्यले ना? चांगलं झालं."

हा पितांबर रावेरकडचा, केळीवाल्या घरातला, दुसऱ्या वर्षाला होता. अक्षर असं की बघत राहावं. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्या गावात एकही लग्न त्याने पत्रं लिहिल्याशिवाय लागलेलं नव्हतं. म्हणून तर लीलाधरने त्याच्या हाती एक्क्याऐंशी नव्या मुलांची यादी दिली होती आणि सांगितलं होतं, "सगळ्यांना स्वागताचं पत्र टाक. मजकूर तूच बघ." आपल्याकडे जेवढे म्हणून घोटाळे होतात, त्यांतले निम्मे या शेवटच्या तीन शब्दांतून निघतात.

"तू लिहिलं काय होतंस?"

पितांबरला मजकूर पाठ होता. "'श्री. रा. रा. अमुक अमुक यांसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आमचे येथे येत्या रविवारी नव्या मुलांचे स्वागताचे योजिले आहे. तरी आपण चूलबंद येऊन कार्यास शोभा आणावी.'"

"चूलबंद?" लीलाधरच्या हातातलं पोस्टकार्ड खळीच्या वाटीत पडलं.

चूलबंद आवतण म्हणजे घरातलं एखादं माणूस येऊन गेलं, असं चालत नाही. त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत बिऱ्हाडच्या बिऱ्हाड जेवायला यायचं. खानदेशात याहून मोठा मान दुसरा नाही आणि तो नाकारण्याएवढा मोठा अपमानही नाही.

"पण पत्रं मुलांना लिहायची होती ना रे! बापांना कशाला लिहिलीस?"

"पोरांना?" पितांबरने खळीचं बोट पताकेला पुसलं. "भाऊ, आवतन पोरांच्या नावानं देतात का कुठी? घरच्या कर्त्या मानसाच्या नावानं देतात. तुमच्या घरी लग्नाचं पत्र काय तुमच्या नावानं येतं?"

लीलाधर जळगाव शहरातला असला तरी त्याच्या घरीही पत्र त्याच्या नावाने येत नव्हतं. त्याने विषय बदलला.

"किती पत्रं टाकलीस?"

"ब्याऐंशी."

"यादीत एक्क्याऐंशी नावं होती."

"एक जास्तीचं झालं," पितांबर म्हणाला आणि पुन्हा पताकांकडे वळला. एक्क्याऐंशी बिऱ्हाडांपुढे आणखी एकाचं लीलाधरला काहीच वाटलं नाही.

त्याच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा होता, प्राचार्य आठल्ये. गेल्या वर्षीच्या स्वागतात जुन्या पोरांनी नव्या पोरांना टेबलावर उभं करून गाणी म्हणायला लावली होती. त्यातला शिंदखेड्याकडचा छगन नावाचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रंक उचलून गाडीत बसला तो परत आलाच नाही. प्राचार्यांनी त्याच्या वडिलांना दोन पत्रं घातली. एकाचंही उत्तर आलं नाही. यंदा प्राचार्यांनी लीलाधरला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "समारंभात एक जरी गोष्ट बिघडली, तर मंडळं बंद. नाट्य, वाङ्मय, वादविवाद, क्रीडा, सगळी. वर्षभर फक्त अभ्यास." आठल्ये पुण्याचे होते. ते शांतपणे बोलले की माणूस घरी जाऊन अंथरूण धरायचा.

मंडळं गेली असती तर लीलाधरच्या वाट्याला फक्त गणित उरलं असतं. त्या विषयात त्याला काय उरणार हे तो जाणून होता.

"निंदणी तोंडावर आलीय," त्याने स्वतःची समजूत घातली. "कोण येतंय शेत सोडून!"

रविवारी सकाळी आठ वाजता कॉलेजचा शिपाई चुडामण धापा टाकत आला. "भाऊ, बैलगाड्या!"

"किती?"

"मी अकरापर्यंत मोजल्या. मग इकडे पळालो."

निंदणीला अजून आठवडा आहे, हे शहरातल्या लीलाधरला कोणी सांगितलं नव्हतं. नशिराबाद, असोदा, म्हसावद, सगळीकडच्या गाड्या आल्या. पारोळ्याच्या एस. टी.तून माणसं उतरली. रावेरची मंडळी रेल्वेने आली, आणि येताना केळीचे घड घेऊन आली. दहा वाजेपर्यंत चारशे माणूस झालं. बॅडमिंटनच्या खांबांना बैल बांधले गेले. 'सुस्वागतम्'च्या कमानीखाली सावली होती, तिथे बायकांनी लेकरं निजवली. कचेरीच्या टेबलावर आहेराचा ढीग लागला. टोप्या, उपरणी, नारळ. घेणारा वरबाप सापडेना म्हणून लोक आपापलं नाव सांगून चुडामणच्या हातात देत होते. चुडामणने तोवर दोन टोप्या एकावर एक घातल्या होत्या.

मंडळाकडे होता शंभर माणसांचा चिवडा आणि चहा.

पारोळ्याहून आलेली ताईबाई लीलाधरसमोर येऊन उभी राहिली. साठीची बाई, कपाळावर मोठं कुंकू. हिचा नातू यंदा कॉलेजात आला होता. तिच्यामागे तिचं सगळं बिऱ्हाड होतं.

"नवरदेव कोठे शे, भाऊ?"

"आजी, नवरदेव नाही. लग्नच नाही."

"लगीन नही? मंग आवतन कशाले धाडं?"

"मुलं कॉलेजात आली ना, त्यांचं स्वागत आहे."

ताईबाईने विचार केला. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. "बरं. मंग सैपाक कोठे शे?"

लीलाधरने चिवड्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. ताईबाईने पिंपाकडे पाहिलं, चारशे माणसांकडे पाहिलं आणि शेवटी लीलाधरकडे पाहिलं. त्या नजरेपुढे प्राचार्य आठल्ये म्हणजे काहीच नव्हते.

"आम्ही चुल्हा बंद करीसन उनूत, भाऊ. बठ्ठासले उपाशी धाडशात का?"

लीलाधरला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पितांबर मात्र पुढे झाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. आजवर त्याच्या पत्रावर आलेलं माणूस उपाशी गेलेलं नव्हतं. "अक्का," तो म्हणाला, "आवतन मी लिहिलं. चूक माझी हाये. पन उपाशी कोनी जानार नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

ताईबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला. "पीठ कोठे शे, ते सांग."

पीठ होतं. होस्टेलच्या खाणावळीत महिन्याचं पीठ आणि तूरडाळ कालच येऊन पडली होती. गोवऱ्या शेजारच्या गवळीवाड्यातून आल्या. असोद्याच्या एका गाडीत बाजाराला न्यायची वांगी होती. त्या गाडीवानाने ती न विचारताच खाली उतरवली आणि वर म्हणाला की बट्टी वांग्याच्या भाजीवाचून घशाखाली उतरत नाही. वरण-बट्टी ठरली.

मग जे काम लीलाधरला महिनाभर जमलं नव्हतं, ते तासाभरात झालं. नवी पोरं गेला महिनाभर कॉलेजात भिंतीला धरून चालत होती. कोणत्या मंडळात जाणार असं विचारलं की बुटांकडे बघायची. मंडळाच्या वहीत तीनच नावं आली होती आणि त्यांतलं एक चुकून आलं होतं. आज आईबापांच्या देखत त्यांना लाजायची सोय नव्हती. क्रीडा मंडळाने गोवऱ्यांवर बट्ट्या भाजायला मैदानात चर खणायला घेतला तर नव्यांतली दहा पोरं कुदळी घेऊन उतरली आणि जुन्यांच्या आधी चर खणून मोकळी झाली. नाट्य मंडळाने राजाच्या दरबारातली दोन मोठी घंगाळं पाण्याला काढली. वादविवाद मंडळाकडे म्हाताऱ्यांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम होतं. त्यात ते तीनदा हरले.

वही पाहून तर बापमंडळींना चेवच आला. "मना आंडोरनं नाव कुस्तीमा लिखा," एकाने मुलाला पुढे ढकलत सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "नाटक म्हंजे काय ते? बरं, लिखा. पन त्याले बाईनं काम देऊ नका." दुपारपर्यंत वहीची पानं संपली.

समारंभाची वेळ चारची होती. चारच्या ठोक्याला प्राचार्य आठल्ये मेहरूणच्या बाजूने नेहमीसारखे छत्री हलवत चालत आले. ते एकटेच राहत असत. पत्नी पुण्याला होत्या. दोन वर्षांपूर्वी जळगावचा उन्हाळा, बदली आणि माहेर या विषयांवर दोघांत काही बोलणं झालं होतं, आणि तेव्हापासून बोलणंच झालं नव्हतं. हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नसे. प्राचार्य कमानीपाशी थांबले. मैदानावर गोवऱ्यांचा धूर होता, बैल होते, आणि केळीच्या पानांच्या शेवटच्या दोन लांब पंगती बसल्या होत्या.

"सेक्रेटरी कुठे आहेत?" त्यांनी शांतपणे विचारलं.

लीलाधर आला. त्याच्या हातांना कोपरापर्यंत कणीक होती. "सर," तो म्हणाला, आणि त्याने कणकेचे हात पाठीमागे लपवले. मंडळं गेली, हे त्याच्या मनाने घेतलंच.

"सर, चूक माझी हाये," मागून पितांबर म्हणाला.

इतक्यात फाटकातून एक उंच म्हातारा आत आला. हातात काठी, काखेत गाठोडं. अर्ध्या तासापूर्वी स्टेशनात आलेल्या रेल्वेतून तो उतरला होता. त्याच्यामागे एक मुलगा ट्रंक घेऊन उभा होता. ती ट्रंक पाहताच लीलाधर दचकला. ती त्याने गेल्या वर्षी स्टेशनकडे जाताना पाहिली होती.

"प्राचार्य कोन शे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी."

"मी पुना. शिंदखेड्याकडला. हाऊ मना छगन. गये साल तुमना आठेथाईन पयी उना." म्हाताऱ्याचा आवाज चढला. "तुमना दोन कागद उनात. मी फाडी टाकात. म्हनं, त्या गावमा आते पाय ठेवाना नही."

प्राचार्यांनी मान खाली घातली. त्यांना असं करताना कॉलेजने कधी पाहिलं नव्हतं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"पन आते चूलबंद आवतन उनं," पुनाआबा म्हणाले. "तेले कसा नही म्हनू? आवतनवर राग चालस नही." त्यांनी गाठोडं सोडलं, त्यातली पांढरी टोपी काढली आणि प्राचार्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मग हातात नारळ दिला. "पोऱ्या तुमना घर नांदाले उना म्हनजे आपन व्याही. आते सांभाळा."

प्राचार्यांनी नारळ दोन्ही हातांनी धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते धुराने, असं नंतर त्यांनी सांगितलं.

"छगनचं नाव यादीत नव्हतं," लीलाधर पितांबरच्या कानाशी कुजबुजला.

"ते जास्तीचं," पितांबर म्हणाला. "आमच्याकडी कार्य निघालं की रुसलेल्याच्या दारी पहिले जातात. मग बाकीच्यांच्या. मी ब्याऐंशी लिहिली, त्यात पहिलं तेच होतं."

हे कुजबुजणं तो शेतात हाक मारायच्या आवाजात करत असल्यामुळे प्राचार्यांनाही ऐकू गेलं. ते पंगतीत पुनाआबांच्या शेजारी मांडी घालून बसले. ताईबाईने त्यांच्या पानात बट्टी कुस्करली, वर वरण घातलं, आणि वरणावर तुपाची धार धरली ती ते 'पुरे' म्हणाले तरी थांबवली नाही.

"तुमनी बाई कोठे शे?" तिने विचारलं.

"पुण्याला असतात."

"आवतन धाडं नही का?"

प्राचार्यांनी घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावला.

उठताना पुनाआबा म्हणाले, "आते तुमनी पाळी. पुढला आईतवारले मना घर. चूलबंद." ते ऐकून बाकीचेही सरसावले. आपण व्याही नाही की काय? अंधार पडायच्या आत प्राचार्यांना दिवाळीपर्यंतच्या सगळ्या रविवारांची आवतणं झाली, आणि सगळी चूलबंद. गाड्या परत गेल्या. होस्टेलच्या पोरांनी पुढचे दोन दिवस चिवडा खाल्ला. कुणी ट्रंक भरली नाही.

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी लीलाधर आणि पितांबर दोघांनाही खोलीत बोलावलं. टोपी टेबलावर घडी करून ठेवलेली होती.

"सर, मंडळं..." त्याने सुरुवात केली.

"चालू द्या," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही जा. पितांबर, तुम्ही थांबा. दार लावून घ्या."

दार लागलं. प्राचार्यांनी खणातून एक पोस्टकार्ड काढून पितांबरपुढे सरकवलं. मजकुराची बाजू कोरी होती. पत्त्याच्या बाजूला त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, सौ. प्रमिलाबाई आठल्ये, पुणे.

"चूलबंदाला एकट्याने गेलेलं चालत नाही म्हणतात," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"नाही चालत, सर."

"हं." प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अक्षर चांगलं काढा. मजकूर तुम्हीच बघा."