गणपा ऑपरेटरची पंगत

गणपा ऑपरेटर मेलेल्या माणसाला पुन्हा जेवायला बसवायचा, तेही तासगावात, दुपारी तीनच्या खेळाला, भरल्या थेटरात.

त्या वर्षी आमच्याकडे एका सरदार घराण्यावरचा रंगीत सिनेमा लागला होता. मी थेटरचा मॅनेजर. काय देखणा सिनेमा हो! समयांचा उजेड, जरीचे शालू, चांदीची ताटं. पण घराणं आतून किडत जाणारं. भाऊ भावाला विष घालतो आणि शेवटच्या रिळात थोरला मुलगा म्हाताऱ्या आईला मागच्या दारानं बाहेर काढतो.

गणपाला हा शेवट मंजूर नव्हता. ते रीळ तो डब्यातच ठेवायचा आणि त्याऐवजी तिसरं रीळ पुन्हा चढवायचा. त्यात अख्खं घराणं एका पंगतीला. विष पिऊन मेलेला भाऊ बासुंदी ओरपताना दिसला की पब्लिक चक्रावून जायचं.

मी भडकलो. "अरे, मेलेला माणूस जेवतोय कसा?"

"म्हातारीला सपान पडलंय, सायेब. भरल्या घराचा इस्कोट नगं."

"इस्कोट नगं" हे त्याचं पालुपद. तिकिटाच्या खिडकीवर मारामारी जुंपली तरी वरच्या झरोक्यातून तो हेच ओरडायचा.

मग तक्रार गेली. सिनेमा कंपनीचा माणूस सांगलीहून आला. "आज खरा शेवट दिसला नाही, तर उद्या हा ऑपरेटर इथं दिसता कामा नये," एवढं बजावून तो पुढच्या खुर्चीत बसला. मी धावत वर गेलो.

"गणपा, आज शेवटचं रीळ लाव. पाया पडतो तुझ्या."

"खाली आई बसलिया, सायेब."

त्याची आई रोज बायकांच्या बाकावर कडेला बसायची. गणपाच्या थोरल्या भावाची गावाबाहेर द्राक्षबाग. त्यानं आईला "चार दिस ऱ्हा" म्हणून गणपाच्या एका खोलीत आणून सोडली, त्याला दोन वर्षं झाली.

"दादा न्यायला येतोय म्हणून तिनं गाठोडं बी सोडलं न्हाई अजून," गणपा म्हणाला. "ह्यो शेवट तिला कसा दावू?"

मला एकच सुचलं. शेवटचं रीळ यायच्या आधी मी तिच्यापाशी गेलो. "आजी, चला, बाहेर चहा घेऊ."

"बसू द्या, सायेब. काय येतंय ते ठावं हाय मला. उंब्रजला लेकीकडं गेलते, तवा समदा बघितला ह्यो पिच्चर." तिनं आवाज खाली आणला. "थोरला कुठला येतोय आता! पर धाकट्याला वाटतंय, आई आशेवर हाय. म्हणून गाठोडं सोडत न्हाई म्या. त्याला सांगू नगासा. इस्कोट नगं."

मी तसा शब्द दिला आणि गणपाला पुन्हा विनवायला जिन्याकडे वळलो, तेवढ्यात पडदा काळा झाला. रीळ बदलत होतं. कंपनीचा माणूस खुर्चीत पुढं सरकला. मी मनात म्हणत होतो, गणपा, लाव रे खरा शेवट, तिला सगळं ठाऊक आहे.

पडद्यावर उजेड आला. समया, चांदीची ताटं, बासुंदी.

कंपनीचा माणूस ताडकन उठला. आजींनी मात्र मागं वळून झरोक्याकडे हात केला आणि तोंडभर हसल्या.

गणपाची नोकरी त्याच दिवशी गेली. आजींना दिलेला शब्द मी अजून पाळतो आहे.