हातमोजे घालून पाहायचे नाणे

मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करणे हा गुन्हा आहे. मेलेल्या राजाच्या नावाने तेच पिढ्यानपिढ्या केले, तर त्याला हेलेनिस्टिक काळ म्हणतात. अलेक्झांडर गेल्यावरही त्याच्या नावाची सोन्याची नाणी, म्हणजे स्टेटर, पडतच राहिली. त्यांतले एक १९८७ साली लीड्सला डॉ. शशिधर यांच्या घरी आले.

डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत आणि अत्यंत विचारी आहेत. लंडनच्या लिलावात हे नाणे घेण्यासाठी त्यांनी पत्नी शैलाची पुतळ्यांची माळ विकली (तिच्या आईची, अठरा पुतळ्यांची). तर्क निर्दोष होता: सोने देऊन सोने घेतले, म्हणजे घरातले सोने घरातच राहिले. मी बायोकेमिस्ट आहे. वस्तुमान टिकून राहते हा नियम इतक्या सोयीने वापरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"अहो, पण मी गळ्यात काय घालू?" शैलाने विचारले.

"इट्स अ स्टेटर, शैला! गळ्यात काय घालतेस!"

मग दर्शनाची पद्धत ठरली. जेवणाआधी पाहायचे, कारण नंतर बोटांना तूप असते. हात कोपरापर्यंत धुवायचे. हॉस्पिटलचे हातमोजे घालायचे (साइज सात, जाड बोटांच्या पाहुण्यांनी लांबूनच पाहावे). नाणे कडेने धरायचे. नाण्यावर शिंकायचे नाही. वजन ८.६ ग्रॅम, हे डॉक्टर दर वेळी सांगत आणि पाहुणे दर वेळी चकित होत. दोन वर्षांत एकेचाळीस कुटुंबांनी दर्शन घेतले, आणि तितक्याच वेळा बटाटेवडे गार झाले. कॉव्हेंट्रीच्या यमुनाबाईंनी मागच्या बाजूची पंखवाली देवी पाहून हळद-कुंकू मागितले. त्यांना पुन्हा बोलावले नाही.

नव्वदच्या जानेवारीत शैलाने संक्रांतीचे हळदी-कुंकू केले (रविवारी, सण इथे सुट्टी पाहून येतात). काळी साडी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात एकच सोन्याचे नाणे.

"अगंबाई, पुतळी? नवीन केलीस?" प्रमोदिनीने विचारले. तिने हातमोजे घालून ते नाणे तीनदा पाहिले होते.

"जुनीच आहे गं. लेस्टरच्या सोनाराकडून कडी तेवढी लावून आणली."

"बरं केलंस. नुसतं ठेवून काय करायचंय सोनं?"

तिळगुळाचे ताट घेऊन आलेले डॉक्टर जागीच थांबले. "शैला... तू त्याला भोक पाडलंस?"

"भोक नाही हो, वर कडी झाळलीय. भोकाने वजन घटलं असतं. आता उलट वाढलंय. आठ पॉइंट नऊ."

डॉक्टरांना कोचावर बसवून पाणी दिले. नाडी एकशे बारा होती (मी मोजली).

नंतर आठवडाभर त्यांना सांत्वनाचे फोन येत होते. शैलाला एकही आला नाही. तिने नाणे काढले नाही, कामालाही घालून गेली.

अजूनही लोक मला हळूच विचारतात, किंमत किती उतरली? मी सांगते, निम्म्याहून जास्त. नाण्याचे वजन सगळ्यांना पाठ आहे. एव्हाना तुम्हालाही झाले असेल. शैलाच्या आईच्या माळेत पुतळ्या किती होत्या, तेही मी लिहिले आहे. वर न पाहता सांगा.