नवाच्या होडीतली दहावी बी

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला सोमवार, संध्याकाळचे सव्वापाच. बेरीज: आठ अधिक सात. हजर: मी, दुसरीत शिकणारी माझी मुलगी तन्वी, तिच्या हातांची दहा बोटे, जी पुरत नव्हती, आणि कुंपणापलीकडून सगळे ऐकणारा भिवाआजो.

मी पेडण्यात एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. एका रुपयाचा फरक राहिला तर मला जेवण जात नाही. आणि माझी मुलगी दहापर्यंत पोचली की बोटे संपली म्हणून रडत होती. ‘हातचा एक’ मी चारदा समजावला. पाचव्यांदा माझा आवाज चढला. तन्वीने वही मिटली आणि उद्यापासून शाळेत जाणार नाही, असे सांगून टाकले.

"हिशेबनीस," कुंपणावरून आवाज आला, "पोरीक कित्याक रडयता रे? तिका हांगा धाड. तुका धाच्या फुडें मोजूंक येता, म्हणून तुका शिकवंक येना."

भिवाआजो दहाच्या पुढे मोजत नाही. येत नाही असे नव्हे, मोजत नाही. वय विचारले तर म्हणतो, "सात होडयो, काठार स." म्हणजे शहात्तर. मागे ताप आला तेव्हा डॉक्टरांनी एकशे दोन सांगितला. "म्हणजे धा होडयो आनी दोगे काठार," आजो म्हणाला. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन हळूच विचारले, "ताप डोक्यात गेलाय का?"

भिवाआजो तारी होता. शापोरा नदीवर चोपड्याला पूल झाला त्याआधी आमच्या वाड्याखालून त्याची होडी पलीकडे जायची. होडीत माणसे दहा. नऊ असली तर सुटायची नाही, अकरावा चढायचा नाही. पूल झाला आणि होडी उपडी पडली, पण आजोच्या डोक्यात ती अजून चालते आहे.

त्याच्या सोप्यावरचा वर्ग मी स्वतः बसून पाहिला. मधोमध निळा टॉवेल पसरलेला, ती नदी. नारळाची करवंटी, ती होडी. काजूच्या बिया म्हणजे माणसे. उजवा काठ आमचा, डावा पलीकडचा.

"आठ जाणां होडयेंत बसली. सात काठार उबीं. होडी सुटतली?"

"ना. दोघं पाहिजेत," तन्वी म्हणाली.

"मागीर घे दोगांक! धा झाले? सोड!" करवंटी टॉवेलवरून डावीकडे गेली. "आतां सांग, पलतडीं कितें?"

"एक होडी."

"आनी काठार कोण रवले?"

किती नाही, कोण. आजोला नुसता आकडा चालत नाही. काठावर राहिलेले कोण, ते सांगावे लागते. तन्वीने सांगितले: एक मासेवाली, तिची सून, दोन शाळेची पोरे आणि एक आजी. पाच. एक होडी, पाच काठावर. पंधरा.

हातचा म्हणजे काय, हे मला सांगता आले नव्हते. तिला ते दिसले. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने शाळेत गेली.

आठवड्याने शाळेतून मला बोलावणे आले. तन्वीच्या बाई म्हणाल्या, "उत्तरं बरोबर असतात हो. पण तिला मी उभं करून सात अधिक पाच विचारलं, तर म्हणते, बारा, त्यातला एक पाववाला आणि तो घाईत आहे. हा पाववाला कोण?"

मी होडी समजावली. बाई हसल्या. म्हणाल्या, "असू दे. शनिवारी चाचणी आहे, तेव्हा पाववाल्याला घरी ठेवा."

शनिवारी दहापैकी सहा आले. तन्वी दप्तर टाकून आत गेली ती बाहेर येईना. "मला येत होतं आणि चुकलं," एवढेच म्हणत राहिली. शाळेत न जाण्याचा विषय पुन्हा निघाला.

मी पेपर घेऊन बसलो. नऊ अधिक चार, चौदा. नऊ अधिक सहा, सोळा. नऊ अधिक सात, सतरा. नऊ अधिक तीन, तेरा. चारही चुका नवाच्या, आणि चारही ठिकाणी बरोबर एक जास्त. आठाचे सगळे हिशेब चोख. अशी चूक आपोआप होत नसते. ती कोणीतरी शिकवलेली असते.

पेपर आणि तन्वी, दोघांना घेऊन मी सोप्यावर गेलो. "भिवाआजो, नऊ अधिक सहा करून दाखव."

त्याने करवंटीत नऊ बिया ठेवल्या, काठावर सहा. मग काठावरच्या सहांना हात न लावता कनवटीची तंबाखूची डबी काढली, तीतून एक जुनी, हाताळून गुळगुळीत झालेली बी घेतली आणि करवंटीत टाकली. "धा झाले. सोड!"

"ही कुठून आली?"

"खंयसून म्हणजे? घरांतसून."

मी भांडायला गेलो होतो. पण ‘घरांतसून’ ऐकले आणि मला ते आठवले. मी दहावीला पलीकडच्या हायस्कूलात जायचो. पहाटेच्या होडीत पुष्कळदा नऊच माणसे व्हायची. दहावा येईना, घंटा चुकणार म्हणून आम्ही मुले चुळबुळायचो. मग भिवाआजो घराकडे तोंड करून हाक मारायचा, "गो, नव जाल्यात!" आणि त्याची बायको चूल सोडून, ओले हात लुगड्याला पुसत यायची आणि दहावी म्हणून बसायची. तिला पलीकडे काही काम नसे. आम्हाला उतरवून त्याच होडीने ती परत यायची. तिला जाऊन आता आठ वर्षे झाली.

नवाच्या होडीत दहावी कोण, हे आजोच्या हाताला माहीत होते. त्याच्या मनाला कोणी विचारले नव्हते.

एका आकड्याची चूक समोर होती, पण ती मी आजोला दाखवली नाही. मी तन्वीला एवढेच सांगितले, "ती आजी होती. नऊच माणसं असली की यायची. पलीकडे जायची आणि परत घरी यायची."

"परत यायची?"

"हो."

तन्वीने थोडा विचार केला. करवंटीतली गुळगुळीत बी उचलली, टॉवेलवरून अलीकडे आणली. "मग होडीत एक जागा रिकामी झाली," ती म्हणाली आणि काठावरच्या सहांतला एक उचलून करवंटीत बसवला. "काठावर पाच. पंधरा! बाबा, पंधरा!"

मी आजोकडे पाहिले. तो टॉवेलकडे पाहत होता.

"परत येताली," तो म्हणाला. "दर फावट परत येताली गो ती." मग तन्वीकडे वळून, "बरोबर केलें तुवें."

पुढच्या शनिवारी दहापैकी दहा आले. मी फी विचारली तेव्हा आजोने मला कुंपणाबाहेर काढले. "पूल जालो तेन्ना म्हजें भाडें सोंपलें," म्हणाला.

म्हणजे भिवाआजोला शेवटी जे दिले गेले ते एवढेच: पंधरा जमले त्या संध्याकाळी, तन्वीच्या हातून, त्याच्याच उघड्या तळहातावर, काजूची एक जुनी बी.